पाहुण्याचं पाणी

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं ही म्हण केली त्याला बदलीची नोकरी नसावी. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा कागद हाती पडायचा, अनोळखी गावात भाड्याचं घर शोधायचं, आणि तेही पदरात लहान लेकरं घेऊन, हे काम घर बांधण्याहून अवघड. स्वतः बांधलेल्या घराची खोड आपल्याला आधीपासून माहीत असते. भाड्याच्या घराची खोड कळेपर्यंत चूल मांडून, भुई सारवून, शेजाऱ्यांशी हळदीकुंकू होऊन गेलेलं असतं.

शालूबाईचा नवरा तुळशीराम गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. बैलाच्या खांद्याला मलम लावायचं, गाईच्या खुराला पट्टी बांधायची, टोचणीच्या वेळी म्हशीचं डोकं धरून ठेवायचं, ही त्याची कामं. खेड्यातले लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तोही कुणाची चूक सुधारत बसायचा नाही. स्वभावानं गरीब, बोलण्यात गमत्या. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती, दवाखाने नव्या जिल्हा परिषदेकडं आले होते आणि बदलीचे कागद आता बुलढाण्याहून निघत. त्या वर्षी दिवाळीचा फराळ संपायच्या आत तुळशीरामचा कागद निघाला. साखरखेर्ड्याहून थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदच्या खालच्या अंगाला, बोरखेडीला. चिखली, खामगाव, नांदुरा असं गाड्या बदलत जायचं म्हणजे एका दिवसात हाडं खिळखिळी.

तुळशीराम आधी एकटाच गेला. आठवड्यानं त्याचं कार्ड आलं, की दोन घरं पाहिली आहेत, त्यातलं एक ठरवून टाकतो. शालूबाईनं शेजारच्या मास्तरांकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि त्यांच्याच हातानं उलट टपाली लिहवलं: ठरवू नका. मी येते.

तिचं हे बोलणं वरवर पाहता आगाऊपणाचं वाटेल, पण त्यामागं कारण होतं. साखरखेर्ड्याच्या आधी ते ज्या गावी होते, तिथलं घर तुळशीरामनं पाहिलं होतं. ऐसपैस होतं, दवाखान्याच्या समोर होतं, पण पाणी कसं आहे हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. तिथं एका उन्हाळ्यात पंचफुलेच्या पाठचा मुलगा हगवणीनं गेला. दीड वर्षाचा होता. शालूबाईनं नवऱ्याला दोष दिला नाही, एका शब्दानंही नाही. फक्त त्यानंतर घर पाहायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं आणि त्यानंही ते मुकाट्यानं देऊन टाकलं. आता पंचफुला सहा वर्षांची होती, आणि कडेवर बेबी होती, चौदा महिन्यांची. नुकती कुठं भिंत सोडून चालायला लागलेली.

घर पारखायची शालूबाईची एक रीत होती, तिच्या आईकडून आलेली. आई म्हणायची, ज्या पान्यात दाळ शिजते, त्या पान्यावर लेकरू वाढते. म्हणून शालूबाई घर पाहायला निघाली की पदराच्या गाठीला मूठभर तुरीची डाळ बांधायची. त्या घरच्या पाण्यात डाळ शिजवून पाहायची. मऊसूत शिजली तर घर चांगलं, गोटे राहिले तर दारावरून माघारी. साखरखेर्ड्याचं घर तिनं असंच निवडलं होतं आणि तिथं दोन्ही पोरी काकडीच्या वेलासारख्या वाढल्या होत्या. त्यामुळं आपली पारख चुकत नाही अशी तिची खात्री झाली होती. खात्री चांगलीच असते म्हणा, पण तिला झोप फार लागते.

तर दोन पोरी, एक पोतडी आणि पदराची गाठ घेऊन शालूबाई बोरखेडीला उतरली. तुळशीराम स्टँडवर उभा होता. त्यानं बेबीला घेतलं आणि आधी आपल्या मनातलं घर दाखवायला नेलं.

ते घर म्हणजे गावाबाहेर नाल्याकाठी झुंबरबाईच्या मळ्यातली दीड खोली. वर टिनं, शेजारी खताचा ढीग, पुढं मेथीचे आणि वांग्याचे वाफे. झुंबरबाई एकटी बाई, तोंडानं फटकळ, हाताला सदा माती. आणि खोलीच्या दारापासून वीस पावलांवर विहीर. मोटेची विहीर, तिला कठडा कुठला असायला? मोट रिकामी होते त्या थारोळ्याजवळची जमीन ओली, निसरडी, आणि तिच्यापुढं एकदम काळं पाणी.

"जागा लहान हाये, पन पानी गोड हाये," तुळशीराम म्हणाला. "गावातले बैल बी पान्यावर अठीच येतात. मी पाह्यलं ना."

"मले बैल नाही वाढवाचे," शालूबाई म्हणाली.

"अवं, पन पाहून तं घे. दाळ आनली ना?"

"गोड पान्यात बुडालेलं लेकरू काय कामाचं?" ती म्हणाली, आणि पदराची गाठ न सोडता तिथूनच पाठमोरी झाली. झुंबरबाई वांगी तोडता तोडता सगळं ऐकत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसरं घर गावात होतं, हिंमतरावांचं. हिंमतराव मोठे जमीनवाले, बोलायला मोजके. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई साठीची, नऊवारी नीट चोपून नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुलं नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी गेलेली, सुना त्यांच्या मागं गेलेल्या. समोरच्या दोन खोल्या रिकाम्या. फरशी घातलेलं अंगण, अंगणाला फाटक, आणि अंगणातच विहीर, माणसाच्या कमरेइतक्या उंच पक्क्या कठड्याची. शालूबाईनं तो कठडा पाहिला आणि तिचा जीव तिथंच बसला.

"ये माय, बैस," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "लेकरू खाली सोड. अठी काही भेव नाही."

बेबी खाली उतरली आणि फरशीवर थपथप पाय आपटत थेट अन्नपूर्णाबाईकडं जाऊन तिची मांडी धरून उभी राहिली. त्या बाईचा चेहरा त्या क्षणी असा उजळला, की शालूबाईला वाटलं, इथं आपल्या पोरींना आजी मिळाली.

तरी रीत ती रीत. "मावशी, वाईट नका मानू," ती म्हणाली. "तुमच्या घरचं जरासं पानी द्या. दाळ शिजवून पाह्याची हाये."

"पान्यासाठी कोनी विचारते का, बाई?" अन्नपूर्णाबाई हसली, आत गेली आणि पितळेचं पातेलं, गंज म्हणतात तिकडं, भरून पाणी घेऊन आली. चूल पेटलेलीच होती. चहा होऊन पेले विसळेपर्यंत डाळ अशी शिजली, की पळीनं नुसती हलवली तर तिचं वरण झालं. शालूबाईनं विजयी मुद्रेनं नवऱ्याकडं पाहिलं. तुळशीरामनं हात जोडले. "ठरलं," तो म्हणाला. "आपली बदली करनाऱ्यानं हिले बी विचारलं असतं तं बरं झालं असतं."

आठ दिवसांत सामान आलं. दोन खोल्या लावून झाल्या. पहिल्या सकाळी शालूबाईनं अंगणातल्या विहिरीतून पाणी ओढलं आणि चुलीवर डाळ चढवली. तासभर झाला, डाळ तशीच. दोन तास झाले, पाणी आटलं, डाळ तशीच, दाणे मोजून घ्यावेत. तिला वाटलं, लाकडं ओली असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, डाळ जुनी निघाली. तिसऱ्या दिवशी तिनं नवी डाळ आणली. माणूस आपली चूक सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूला तपासून पाहतो, त्यातली ही गत. पाणी पिताना जिभेला कडसर लागत होतं, पण नव्या गावचं पाणी थोडं वेगळं लागणारच, असं ती मनाशी म्हणत राहिली.

पाचव्या दिवशी बेबीचं पोट बिघडलं.

सातव्या दिवशी शालूबाई आत अन्नपूर्णाबाईच्या स्वयंपाकघरात मीठ मागायला गेली, तर एक बाई मागच्या दारानं डोक्यावर दोन घागरी घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या रांजणात पाणी ओतू लागली. शालूबाई बघत राहिली. अंगणात विहीर असताना घागरीनं पाणी?

"मावशी," तिनं विचारलं, "त्या दिवशी मले दाळीसाठी पानी कोनतं देल्लं होतं?"

"हेच. झुंबरीच्या मळ्यातलं."

"इहिरीचं नाही?"

अन्नपूर्णाबाईनं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "पाहुनी दारात आली अन मी तिले खारं पानी देऊ? आमच्या सात पिढ्याईत कोनी देल्लं नाही."

त्या बाईच्या बोलण्यात कपट नव्हतं, हे शालूबाईला तिथल्या तिथं कळलं, आणि त्यामुळंच तिला रडू आलं. कपट असतं तर भांडता आलं असतं. पूर्णेच्या त्या पट्ट्यात विहिरी खाऱ्या असायच्या. घराघरात वापरायचं पाणी वेगळं आणि प्यायचं वेगळं, हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पाहुण्याला मात्र हमखास गोडं द्यायचं, स्वतः तहानलेलं राहावं लागलं तरी. साखरखेर्ड्याच्या शालूबाईला ही दोन पाण्यांची वाटणीच माहीत नव्हती. तिनं 'घरचं पाणी' मागितलं आणि अन्नपूर्णाबाईनं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं. दोघींचंही बरोबर होतं आणि घर चुकलं होतं.

"मले वाटलं तुले माहीत असन," अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाली. "साऱ्या मुलुखाले माहीत हाये."

मग शालूबाईही इतर बायांसारखी पहाटे घागरी घेऊन मळ्यात जाऊ लागली. अर्धा मैल जायचं, अर्धा मैल यायचं. झुंबरबाई थारोळ्यावर उभी राहून बायांना पाणी घेऊ द्यायची, पण हिच्याशी बोलायची नाही. मोठ्या माणसांपुरतं ते चालून गेलं असतं. पण चौदा महिन्यांच्या लेकराला खारं आणि गोडं कोण समजावणार? एका सकाळी शालूबाई घागरी उतरवून पाहते, तर पंचफुला झोपलेली आणि बेबी धुण्याच्या बादलीशी उभी राहून ओंजळीनं पाणी पिते आहे, मोठ्या मजेत, हनुवटीवरून ओघळ गळताहेत.

बेबीचं पोट थांबेना. डोळे खोल गेले. दुपारी पाळण्यात ती न रडता पडून राहायची, आणि ते न रडणं शालूबाईनं एकदा पाहिलेलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरनं बाटली दिली आणि सांगितलं, पाणी बदला. बाटली घेऊन घरी आल्यावर शालूबाई कठड्याला टेकून उभी राहिली. याच कठड्याला भुलून तिनं हे घर घेतलं होतं. तिला भीती वाटली, आणि तिला स्वतःचा रागही आला. नवरा चुकला तेव्हा त्याला पाण्याचं भान नव्हतं. आपण तर पाणी पारखून घेतलं म्हणून मिरवलो.

संध्याकाळी तिनं तुळशीरामला सांगितलं. "माही चुकी झाली. बैल बी माह्याहून हुशार निंघाले."

तुळशीरामला एरवी अशा वेळी दहा गमती सुचल्या असत्या. त्यानं फक्त बेबीच्या पोटावर हात ठेवला. "मी बी कठडाच पाह्यला ना," तो म्हणाला. "उद्या झुंबरबाईकडं जाऊ."

पण सकाळी शालूबाई निघाली तेव्हा फाटकाशी अन्नपूर्णाबाई पायात वहाणा घालून उभी. "मी येतो संगं," ती म्हणाली. हिंमतरावांची बायको पायी मळ्यात निघाली, हे पाहायला चार दारं उघडली.

झुंबरबाई वाफ्याला पाण्याचं बारं देत होती. पाण्याची वाट फोडून ती सरळ उभी राहिली. "काव बाई, त्या दिवशी तं इहीर पाहूनच पाठमोरी झाली होती. आता काऊन आली?"

शालूबाईनं बेबीला खांद्यावर सावरून घेतलं. अन्नपूर्णाबाईच म्हणाली, "तिले फसवलं माह्या रांजनानं. मी तिले तुह्या इहिरीचं पानी पाजलं अन माह्या घरात आनलं. आता खोली देते का सांग."

"खोलीत लसून भरला हाये."

"लसून माह्या समोरच्या खोलीत आनून टाक."

"तुमच्या फरशीवर?"

"लसनाले खारं पानी बाधत नाही, झुंबरे. लेकराले बाधते."

झुंबरबाईनं पहिल्यांदाच बेबीकडं नीट पाहिलं. शालूबाईच्या खांद्यावर ती मान टाकून पडली होती. झुंबरबाईनं मातीचे हात लुगड्याला पुसले, बेबीच्या पायाचा तळवा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "दुपारपावतर खोली मोकळी करून देतो."

राहिली ती उघडी विहीर. तुळशीरामनं दोन दिवस रजा काढली आणि नाल्यावरच्या बाभळीच्या काट्या तोडून विहिरीभोवती छातीइतकी उंच कुपाटी घातली. मोटेच्या बाजूनं बैलांना आणि बायांना जायला वाट हवी, ती तेवढी उघडी राहिली. तिथं काय लावावं, हा विचार करत तो घाम पुसत होता, तेवढ्यात हिंमतरावांचा गडी बैलगाडी घेऊन आला. गाडीत अन्नपूर्णाबाईच्या अंगणाचं फाटक होतं, बिजागऱ्यांसकट काढलेलं.

"बाईसाहेब म्हनल्या, आता आमच्या अंगनात कोन्तं लेकरू हाये," गडी म्हणाला, आणि फाटक उतरवू लागला.

शालूबाईनं ते फाटक लावताना स्वतः धरलं. त्याची कडी ती रोज संध्याकाळी दोनदा ओढून पाहायची. झोपायच्या आधी तुळशीरामला एकदा पाहून यायला लावायची, आणि तो म्हणायचा की सरकारी तिजोरीलासुद्धा एवढा पहारा नसतो. खताचा वास यायचा, टिनं दुपारी तापायची, दीड खोलीत पाय पसरले की चुलीला लागायचे. पण डाळ शिजायची. पंधरा दिवसांत बेबीचं पोट थांबलं, महिन्यात ती पुन्हा चालायला लागली, आणि झुंबरबाईच्या मागं मागं वाफ्यांतून हिंडून मेथीची पानं कच्चीच खाऊ लागली. झुंबरबाई तिला शिव्या द्यायची आणि कडेवर घ्यायची.

चैत्र लागला. एका सकाळी शालूबाई कडेवर बेबी आणि हातात कोवळ्या मेथीची जुडी घेऊन अन्नपूर्णाबाईकडं गेली. लसूण केव्हाच बाजारात गेला होता, समोरच्या खोल्या झाडून ठेवल्या होत्या. ओसरीवर पाहुणे बसलेले होते. सोसायटीत नवीन लागलेला एक तरुण सचिव आणि त्याची बायको, बायकोच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ. अमडापूरकडचे होते. त्यांना घर फार आवडलं होतं, हे चेहऱ्यांवरच दिसत होतं. ती पोरगी कठड्याकडं पाहून नवऱ्याला म्हणत होती, "लेकरासाठी किती चांगलं हाये नाही?"

शालूबाई दाराशीच थबकली. आपण सांगावं की सांगू नये, हे तिला कळेना. घर दुसऱ्याचं, आणि अन्नपूर्णाबाईच्या उंबऱ्यावर उभं राहून तिचं पाणी खारं आहे असं कसं म्हणायचं?

अन्नपूर्णाबाई आतून निघाली. तिच्या हातात रिकामा पितळी तांब्या होता. ती रांजणाकडं गेली नाही. अंगणात उतरली, विहिरीत बादली सोडली, हळूहळू ओढली, तांब्या भरला आणि तो पाहुणीच्या पुढं ठेवला.

पोरगीनं मोठा घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. थुंकायची लाज वाटून तिनं तो कसाबसा गिळला.

"आमच्या इहिरीचं पानी असं हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "गोडं अर्ध्या मैलावर भेटते. तुह्या मांडीवर लहान लेकरू हाये, तवा आधी सांगतो."

पाहुणे थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, कळवतो म्हणाले आणि गेले. कळवायचं काही राहिलंच नव्हतं. अन्नपूर्णाबाई खाली बसली. तांब्यात पाणी होतं तसंच. तिचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"साठ वर्साची झाली मी," ती म्हणाली. "माह्या दारातून पाहुना तोंड वाकडं करून कधी गेला नव्हता."

शालूबाई दारातून पुढं आली. तिनं बेबीला खाली ठेवलं, मेथी ठेवली आणि हात पुढं केला. "मावशी, मले बी द्या पानी."

"तुले कायले? तुह्या घरी गोडं हाये."

"मी बी पाहुनीच हावो तुमची. द्या."

अन्नपूर्णाबाईनं तांब्या दिला. शालूबाईनं तो तोंडाला लावला आणि खाली न ठेवता, तोंड वाकडं न करता, तळापर्यंत संपवला. जीभ कडू झाली, घसा ओढल्यासारखा झाला. मग तिनं तांब्या खाली ठेवला, तर बेबी दोन्ही हात पुढं करून त्याच्याकडं धावली.

"तुले नाही, माय," अन्नपूर्णाबाई घाईनं म्हणाली. तिनं तांब्या दूर सारला, बेबीला उचलून कडेवर घेतलं आणि तिला पाणी पाजायला आत रांजणाकडं घेऊन गेली.